गोड्या पाण्याचे शिक्षण : पनवेलच्या पाणवठ्यांचा सामाजिक इतिहास आणि शालेय जलसंस्कार

सारांश

लहान मुलांना पाण्याचे महत्त्व पटवून देण्याचे प्रयत्न आज पाठ्यपुस्तके, घोषवाक्ये, प्रभातफेऱ्या आणि दिनविशेष यांच्या माध्यमातून केले जातात. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रयत्नांकडे इतिहासाच्या अंगाने पाहिले आहे. पनवेल परिसरातील तलाव, विहिरी, धरण आणि दूरवरून येणारे नळाचे पाणी या क्रमाने पाण्याचा स्रोत मुलाच्या दृष्टीआड कसा होत गेला, तसेच पाणवठ्यावरील जातिभेद व स्त्रीश्रम यांनी मुलांना कोणते धडे दिले, याचा येथे परामर्श घेतला आहे. पाण्याचे मोल मुलाला उपदेशातून फारसे कळत नाही. पाणी ज्या वाटेने आणि ज्या न्यायाने त्याच्यापर्यंत पोहोचते त्यावरून ते कळते, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : गोडे पाणी, पाणवठा, पनवेल, चवदार तळे, नगरपालिका, जलसुरक्षा, स्थानिक इतिहास.

प्रस्तावना

मराठी भाषेत पिण्यायोग्य पाण्याला 'गोडे पाणी' म्हणतात. हे पाणी साखरेसारखे गोड नसते. खारे नाही म्हणून ते गोड. किनारपट्टीवरील समाजाने अनुभवातून घडविलेली ही संज्ञा आहे. खारे, मचूळ आणि गोडे असे पाण्याचे तीन प्रकार कोकणातील मूल शाळेत जाण्यापूर्वीच जिभेने ओळखत असे. पृथ्वीवरील एकूण पाण्यापैकी गोडे पाणी केवळ अडीच टक्क्यांच्या आसपास आहे आणि त्यातीलही बराच मोठा भाग बर्फाच्या रूपात आहे, ही माहिती आजचा विद्यार्थी परीक्षेत अचूक लिहितो. मात्र आपल्या घरच्या नळाला येणारे पाणी कोणत्या नदीचे, या प्रश्नाचे उत्तर त्याला बहुधा देता येत नाही. जागतिक आकडा ठाऊक आहे आणि स्वतःचा स्रोत अपरिचित आहे, ही विसंगती कशी निर्माण झाली हा इतिहासाचा प्रश्न आहे.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, पनवेल परिसरातील जलव्यवस्थेच्या बदलांचा मुलांच्या शिक्षणाशी असलेला संबंध तपासणे. दुसरे, पारंपरिक जलसंस्कारांतील गुण आणि दोष दोन्ही नोंदविणे. तिसरे, आजच्या शाळा-महाविद्यालयांना उपयुक्त ठरेल अशी दिशा सुचविणे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

पनवेलचा जलभूगोल : विपुल पाऊस, दुर्मीळ पाणी

पनवेल तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १८८३ मध्ये तो कुलाबा जिल्ह्यास जोडला गेला आणि १९८१ मध्ये या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. पूर्वेस माथेरान व प्रबळगडाचे डोंगर, पश्चिमेस खाडी आणि मधून वाहणाऱ्या गाढी, काळुंद्री व कासाडी या आखूड नद्या, अशी या भूभागाची रचना आहे. येथे दरवर्षी अडीच ते तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तरीही चैत्र-वैशाखात पाण्याची ओरड होते. हा विरोधाभास समजून घेतल्याशिवाय येथील जलशिक्षणाचा विचार करता येत नाही.

त्याची कारणे निसर्गात आहेत. सह्याद्रीचा काळा पाषाण पाणी सहजी मुरू देत नाही. उतार तीव्र आणि समुद्र जवळ असल्याने जून ते सप्टेंबर या काळात पडलेला पाऊस फार लवकर खाडीला मिळतो. भरतीच्या वेळी खाडीचे खारे पाणी नदीच्या मुखातून आत शिरते. त्यामुळे पाणी डोळ्यांपुढे असते, परंतु पिता येत नाही. कर्नाळा किल्ल्यावर सुळक्याच्या तळाशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आजही पाहावयास मिळतात. पाऊस पडून जातो, पाणी अडवावे लागते, हे गड बांधणाऱ्यांना पूर्णपणे उमगले होते.

पनवेल, पेण व अलिबाग पट्ट्यातील खारभूमीत हे ज्ञान अधिक काटेकोर होते. समुद्राचे पाणी बांध घालून रोखावयाचे, उघाडीच्या दारांतून पावसाचे पाणी बाहेर सोडावयाचे, आणि गावतळ्यात गोडे पाणी राखावयाचे, अशी ही व्यवस्था. बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात घुसे आणि पुढील काही हंगाम वाया जात. म्हणून बांधाची राखण ही एका घराची नव्हे, सर्व गावाची जबाबदारी असे. अशा गावातील मूल बांधावर माती टाकणाऱ्या मोठ्यांच्या मागे फिरताना गोडे पाणी आपोआप टिकत नाही, ते राखावे लागते, हे शिकत असे. पुढे ही जबाबदारी १९४८ व १९७९ च्या खारभूमीविषयक कायद्यांन्वये मोठ्या प्रमाणावर शासनाकडे गेली. बांध पक्के झाले. परंतु गावाचा आणि त्याबरोबर मुलांचा त्या कामाशी असलेला दैनंदिन संबंध सैल झाला.

तलाव आणि पाणवठा : घरातून मिळणारे शिक्षण

पनवेल हे बंदर होते आणि घाटावरून येणाऱ्या मालाचा येथे उतार असे. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता गाडीवाहतुकीस खुला झाल्यावर मुंबई-पुणे प्रवासातील महत्त्वाचा टप्पा म्हणून गावाचे महत्त्व वाढले. माणसे, बैल व घोडे यांची तहान भागविणे ही अशा गावाची पहिली गरज असते. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, लेंडाळे आणि देवाळे ही येथील तलावांची नावे आजही शहराच्या बोलण्यात आहेत. एका गावात इतके तलाव असणे हा योगायोग नव्हे. वाहून जाणारे पाणी गावातच थोपविण्याची ती योजना होती. तलाव भरला की आसपासच्या विहिरींची पातळी टिकते, हा त्यामागील अनुभव.

या व्यवस्थेत मुलांचे शिक्षण कृतीतून होत असे. रहाटाचे पाणी किती फेऱ्यांनी वर येते यावरून विहीर किती उतरली हे कळे. पोहरा तळाला घासला की उन्हाळा कडक आहे हे सांगावे लागत नसे. कपडे धुण्याची जागा, गुरांची जागा आणि पिण्याचे पाणी भरण्याची जागा वेगळी असे. कोकणातील अनेक घरांत खड्याच्या गौरी आणण्याची प्रथा आहे. भाद्रपदात मुली पाणवठ्यावर जाऊन पाच किंवा सात खडे आणतात आणि त्यांचीच गौरी म्हणून पूजा होते. या विधीची धार्मिक बाजू बाजूस ठेवली तरी एक गोष्ट उरते. घरातील मुलीला वर्षातून एकदा तरी पाण्याच्या स्रोतापर्यंत चालत जावे लागे. स्रोत पाहणे हा संस्काराचा भाग होता.

तथापि या चित्राचे उदात्तीकरण करणे इतिहासाला धरून होणार नाही. हे शिक्षण सर्व मुलांना सारखे मिळत नव्हते. हंडा-कळशी डोक्यावर घेऊन येण्याचे काम प्रामुख्याने मुलींचे होते. मुलाला पाण्याचे मोल कौतुकाने कळे, तर मुलीला ते मानेवरच्या ओझ्याने कळे. ज्या मुलीची सकाळ पाणी भरण्यात जाई, तिची शाळा सर्वांत आधी सुटे. पाण्याच्या टंचाईचे मूल्य मुलींच्या शिक्षणाने चुकते केले, हे जलसंस्कारांचा गौरव करताना विसरता येत नाही.

पाणवठ्याचा दुसरा धडा : तहान आणि जात

याहून कठोर धडा जातिव्यवस्थेने दिला. ज्या मुलांना पाणवठ्याला स्पर्श करण्याची मुभा नव्हती, त्यांच्यासाठी पाणी निसर्गाने दुर्मीळ नव्हते. समाजाने ते दुर्मीळ केले होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी बंधारे घालून माती व पाणी अडविण्याचाही विचार मांडला. पाण्याचे संवर्धन आणि पाण्याचे न्याय्य वाटप हे दोन प्रश्न त्यांच्या विचारात एकाच माणसाच्या हिताचे होते, ही बाब लक्षणीय आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बालपणीच्या दोन आठवणी आत्मकथनपर टिपणात लिहून ठेवल्या आहेत. शाळेत तहान लागली तर त्यांना स्वतः नळाला हात लावता येत नसे. शिपायाने वरून पाणी ओतले तरच ते पिता येई, आणि शिपाई नसला तर तहानलेले राहावे लागे. दुसरी आठवण १९०१ मधील प्रवासाची आहे. वडिलांना भेटण्यासाठी मसूर स्थानकावरून बैलगाडीने निघालेल्या भावंडांजवळ खाण्याचे पदार्थ होते. परंतु वाटेत त्यांना कोणी पाणी देईना, म्हणून अन्न असूनही ती उपाशी राहिली. पाण्याचे मोल शिकविणारा याहून तीव्र धडा महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात शोधूनही सापडणार नाही. हा धडा शाळेच्या आवारातच मिळाला होता.

या दृष्टीने १९२३ हे वर्ष विशेष महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी मुंबई प्रांतात प्राथमिक शिक्षणाचा कायदा संमत झाला आणि प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविण्याची तरतूद झाली. त्याच वर्षी ४ ऑगस्टला मुंबई विधिमंडळात सी. के. अर्थात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले अथवा राखलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा त्याचा आशय होता. पाणवठा आणि शाळा ही दोन नावे एकाच ठरावात आली, यात मोठा अर्थ आहे. दोन्हींचा प्रवेश नाकारला की माणसाचे नागरिकत्वच नाकारले जाते.

पनवेल ज्या कुलाबा जिल्ह्यात होते, त्याच जिल्ह्यातील महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये या ठरावानुसार आपली सार्वजनिक स्थळे खुली केल्याचे जाहीर केले. परंतु कागदावरचा ठराव तळ्यापर्यंत पोहोचला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्री-पुरुषांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले. त्यानंतरही न्यायालयीन लढा चालू राहिला व १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. ठरावापासून निकालापर्यंत १३ वर्षांहून अधिक काळ गेला. या काळात जन्मलेले मूल शाळा सोडण्याच्या वयाचे झाले असेल. दरवर्षी २२ मार्चला जागतिक जलदिन साजरा करणाऱ्या रायगड जिल्ह्यातील शाळांनी त्याच्या दोनच दिवस आधी येणारा २० मार्च जलशिक्षणाचा दिवस म्हणून पाहावयास हवा. पाणी वाचविणे आणि पाणी वाटून घेणे हे धडे वेगळे करता येत नाहीत.

नळ, धरण आणि दूरचे पाणी

पनवेल नगरपालिकेची स्थापना १८५२ मध्ये, म्हणजे १८५० च्या कायद्याखाली अगदी आरंभी झाली. पाणीपुरवठा आणि प्राथमिक शिक्षण ही नगरपालिकांची दोन प्रमुख कामे होती. १९६० च्या दशकात पनवेल नगरपालिकेने गाढी नदीच्या खोऱ्यात माथेरानच्या पायथ्याशी देहरंग येथे स्वतःचे धरण उभारले. अप्पासाहेब वेदक जलाशय या नावाने ते ओळखले जाते. स्वमालकीचे धरण असणाऱ्या नगरपालिका महाराष्ट्रात थोड्याच होत्या. ही कामगिरी निःसंशय अभिमानास्पद होती. पाणी घरात आले, मुलींच्या डोक्यावरील हंडा उतरला, रोगराईस आळा बसला. नळाचे हे उपकार नाकारून पाणवठ्याकडे परत जाण्याची भाषा कोणी करू नये.

परंतु नळाबरोबर एक अंतरही आले. तलाव घरापासून हाकेच्या अंतरावर होता. धरण डोंगराच्या कुशीत गेले. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर अशा वसाहती उभ्या राहिल्या. २०११ च्या जनगणनेत जुन्या नगरपालिका हद्दीतच सुमारे १ लाख ८० हजार लोकसंख्या नोंदविली गेली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली तेव्हा हा कारभार कितीतरी विस्तारला होता. गाळाने उथळ झालेले देहरंग उन्हाळ्यात तळ गाठू लागले आणि शहर पाताळगंगेच्या पाण्यावर अवलंबून राहू लागले.

पाताळगंगेच्या पाण्याचा इतिहास मुलांनी अवश्य अभ्यासावा असा आहे. लोणावळा परिसरातील तलावांत साठणारे पाणी निसर्गतः पूर्वेकडे, इंद्रायणी-भीमेच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे जाणारे. टाटांच्या जलविद्युत योजनेने ते घाटाखाली खोपोलीस उतरविले. १९१५ मध्ये तेथे वीजनिर्मिती सुरू झाली व मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. जनित्रे फिरवून बाहेर पडलेले पाणी पाताळगंगेत येते. म्हणूनच ही नदी उन्हाळ्यातही वाहती राहते. पनवेलच्या एका घोटामागे घाटमाथ्यावरील पाऊस, गिरण्यांचा इतिहास आणि वळविलेले खोरे उभे आहे. नळ उघडणाऱ्या मुलाला यातील काहीच दिसत नाही. अलीकडे विमानतळाच्या उभारणीसाठी उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला, हे तर आजच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांदेखत घडले. नदीचा मार्ग मनुष्य बदलतो, आणि त्या निर्णयाचे परिणाम कोणाला तरी भोगावे लागतात, हा आपल्याच परिसरातील पाठ आहे.

दृष्टीआड झालेल्या स्रोताविषयी आस्था टिकत नाही. पनवेलचे तलाव पिण्यासाठी लागेनासे झाल्यावर त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. अलीकडे वडाळे तलावाचे सुशोभीकरण झाले, हे स्वागतार्ह आहे. मात्र फेरफटक्याचे स्थळ आणि जलस्रोत यांत भेद आहे. पहिल्याची निगा सौंदर्यासाठी होते, दुसऱ्याची जगण्यासाठी.

पाठ्यपुस्तकातील पाणी

या पार्श्वभूमीवर शालेय अभ्यासक्रमाचे प्रयत्न पाहिले पाहिजेत. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षणाचा आग्रह धरला आणि २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीविषयी पुन्हा निर्देश दिले. महाराष्ट्रात प्राथमिक स्तरावर 'परिसर अभ्यास' आहेच. नववी-दहावीसाठी 'जलसुरक्षा' हा स्वतंत्र विषय २०२० नंतर आला. स्वतंत्र विषय देण्यामागील हेतू प्रशंसनीय आहे.

अडचण पुस्तकात नाही, पुस्तक आणि परिसर यांच्या तुटलेल्या दुव्यात आहे. एकच पुस्तक अहमदनगरच्या, आजच्या अहिल्यानगरच्या, अवर्षणग्रस्त गावात आणि पनवेलच्या इमारतीत वाचले जाते. 'पाणी जपून वापरा' हे वाक्य दोन्ही ठिकाणी सारखेच छापलेले असते. अर्थ मात्र सारखा नसतो. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज १३५ लिटरचा निकष धरला जातो, तर २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी ५५ लिटरचा. पनवेल तालुक्यातच हे दोन्ही निकष नांदतात. धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरपायथ्याच्या आदिवासी वाड्यांतील मूल ज्या डोंगरावरचे पाणी शहराला जाताना पाहते, त्याच डोंगराखाली उन्हाळ्यात झऱ्यापाशी वाट पाहत बसते. त्या मुलाला बचतीचा उपदेश करणे अप्रस्तुत आहे. त्याच्या वाट्याचे पाणी त्याला का मिळत नाही, याचे उत्तर देणे हेच त्याचे जलशिक्षण होय.

महाराष्ट्रातील यशस्वी जलप्रयोगांचा अनुभवही हेच सांगतो. विलासराव साळुंखे यांनी १९७४ पासून पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग केला. त्यात पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात नव्हे, कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात ठरत असे. हिवरे बाजारात पावसाच्या मोजणीवरून गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. मोजणी आणि वाटप ही दोन कामे लोकांनी स्वतः केली, म्हणून तेथे पाण्याची कदर रुजली.

शाळा-महाविद्यालयांसाठी दिशा

वरील विवेचनाच्या आधारे काही उपक्रम सुचवावेसे वाटतात. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्रभागातील तलाव, विहिरी व बुजविलेले पाणवठे यांची नोंदवही तयार करावी. नगरपालिकेची जुनी कागदपत्रे आणि वृद्धांच्या, विशेषतः पाणी भरलेल्या स्त्रियांच्या, आठवणी हे त्याचे साधन ठरेल. भूगोल विभागाने शाळांच्या साहाय्याने 'आपला नळ कोठून येतो' याचा नकाशा काढावा. तलावाची पातळी दिवाळी, होळी आणि अक्षय्य तृतीया अशा तीन वेळा मुलांनीच मोजावी. १९६९ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना अनेक महाविद्यालयांत आहे. तिचे स्वयंसेवक या कामात शाळांचे सोबती होऊ शकतात.

गणिताचा तासही येथे उपयोगी पडेल. १०० चौरस मीटर छतावर अडीच मीटर पाऊस पडला तर अडीच लाख लिटर पाणी पडते. त्यातील ८० टक्के मिळाले तरी २ लाख लिटर होते. पाच माणसांच्या कुटुंबास १३५ लिटरच्या निकषाने दररोज ६७५ लिटर लागतात. म्हणजे हे पाणी साडेनऊ महिन्यांहून अधिक पुरेल. हे गणित सोडविलेला विद्यार्थी पुढचा प्रश्न स्वतःच विचारील : मग ते साठवावयाचे कोठे, आणि एका छताखाली वीस कुटुंबे असतील तर कसे? तलावांची गरज त्याला येथे उमगेल.

निष्कर्ष

१. पनवेल परिसरात पाण्याची टंचाई पावसाच्या अभावाने नव्हे, साठवण आणि वाटपाच्या दोषांमुळे जाणवते.

२. स्रोत जवळ असताना जलसंस्कार कृतीतून होत असे. स्रोत दूर गेल्यावर तो उपदेशाच्या रूपात उरला.

३. पारंपरिक पाणवठा हा मुलींचे श्रम आणि जातीय बहिष्कार यांवरही उभा होता. म्हणून त्याचे ज्ञान स्वीकारताना त्याची विषमता नाकारणे आवश्यक आहे.

४. बोले ठराव व महाडचा सत्याग्रह हे जलशिक्षणाचे अविभाज्य भाग आहेत. न्यायाविना संवर्धनाचा पाठ अपुरा राहतो.

५. शाळा व पाणीपुरवठा ही दोन्ही कामे दीर्घकाळ एकाच स्थानिक संस्थेच्या कक्षेत होती. तरीही वर्ग आणि जलाशय यांची भेट क्वचितच घडली. ती घडवून आणणे हे आजच्या शिक्षकाचे काम आहे.

समारोप

गोड्या पाण्याची राखण हा मुळात सामुदायिक व्यवहार आहे. खारभूमीचा बांध एकट्याने टिकत नसे आणि चवदार तळे एकट्याने खुले झाले नाही. आजच्या मुलाला नळ बंद करण्याची सवय लावणे योग्यच आहे. पण तेवढ्यावर थांबल्यास आपण त्याला केवळ काटकसरी ग्राहक बनवू. आपले पाणी कोठून येते, ते कोणाच्या वाट्याचे आहे आणि ते कोणाला मिळत नाही, हे तीन प्रश्न विचारण्यास शिकलेले मूल नागरिक बनेल. पनवेलच्या पाण्याचा इतिहास हे तिन्ही प्रश्न विचारण्याइतका समृद्ध आहे. तो वर्गात आणण्याची जबाबदारी प्राध्यापक आणि शिक्षक या नात्याने आपल्या सर्वांची आहे.